मुलगी जेवत नाहीये, मुलगा फक्त प्रोटीन मागतोय: घरच्यांनी नेमकं काय करायचं

आठवी ते बारावीच्या वयातलं पोर खाण्याबाबत वेगळं वागायला लागलं की घरात दोन गोष्टी हमखास ऐकू येतात, एक तर "नखरे आहेत, भूक लागली की खाईल" नाहीतर "बरंय की, जंक बंद केलं, जरा बारीक झाली". दोन्हीमध्ये चार-सहा महिने जातात आणि नेमके तेच महिने हातचे घालवायचे नसतात. मी शाळेत समुपदेशनाचं काम करते, आणि आईवडील माझ्यापर्यंत येतात तेव्हा खाण्याचा आजार, म्हणजे ईटिंग डिसऑर्डर, बहुतेक वेळा चांगलाच मुरलेला असतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी ओळखायचं कसं. वजनावरून नाही, ताटावरून. एक आई मला सांगत होत्या, मुलगी जेवायला बसते सगळ्यांबरोबर, पोळीचे नखाएवढे तुकडे करते, भाजी ताटभर पसरवते, पाणी पिते, परत तुकडे करते, चाळीस मिनिटं बसून उठते, आणि ताट उचलताना दिसतं की अर्धी पोळी वाटीखाली सरकवलेली आहे. आणि हीच मुलगी रविवारी सगळ्या घरासाठी केक करते, रेसिपीचे व्हिडिओ तासन्‌तास बघते, भावाला आग्रह करकरून खायला घालते, स्वतः मात्र चमचाभरही घेत नाही. हे "डाएटिंग" नाही हो. डाएट करणारा माणूस एखाद्या लग्नात श्रीखंड खातो आणि विसरून जातो, आजारी मुलीला त्या श्रीखंडाच्या विचारानंच दोन दिवस आधीपासून धडकी भरलेली असते.

याच्या जोडीला शरीर पण सांगत असतं. पाळी लांबते किंवा बंद होते, उन्हाळ्यात पण स्वेटर घालते, जिना चढताना चक्कर, केस गळतात, हातापाठीवर बारीक लव येते, चिडचिड वाढते, मैत्रिणींबरोबर बाहेर जाणं बंद कारण बाहेर गेलं की खावं लागतं. डबा परत येतो किंवा एकदम स्वच्छ येतो आणि नंतर कळतं की तो रोज दुसरंच कोणीतरी खातंय.

हे झालं ॲनोरेक्सियाचं, म्हणजे जाड होण्याच्या भीतीनं जेवण टाळत जाण्याच्या आजाराचं. बुलिमिया, म्हणजे खूप खायचं आणि मग उलटी वगैरे करून ते बाहेर काढायचं, हा ओळखणं अवघड, कारण वजन बऱ्याचदा नॉर्मलच असतं. तिथे काय दिसतं तर जेवण झालं की लगेच बाथरूम आणि आत नळ चालू, गाल कानाखाली सुजल्यासारखे, दात खराब व्हायला लागलेले, फ्रीजमधलं आणि डब्यातलं खाणं रात्रीतून संपलेलं. तिसरा प्रकार म्हणजे बिंज इटिंग, थोड्या वेळात खूप खाऊन टाकणं, थांबवताच न येणं आणि नंतर भयंकर लाज वाटणं, कपाटात रिकामी पाकिटं सापडतात तेव्हा घरचे "हावरट" म्हणून मोकळे होतात, पण हा पण आजारच आहे, २०१३ पासून मानसिक आजारांच्या वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे. आणि एक चौथा प्रकार असतो ज्यात दिसण्याचा काही संबंधच नसतो, मूल काही पदार्थांचा वास किंवा स्पर्श सहन करू शकत नाही किंवा घशात अडकेल म्हणून घाबरतं आणि शेवटी तीन-चार पदार्थांवर येऊन थांबतं.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, मूल हाडकुळं दिसलं तरच धोका असं नाही. आधी जाड असलेल्या मुलीचं वजन झपाट्यानं उतरलं तर सगळे कौतुक करतात, आणि ती दिसायला "छान" असताना तिच्या नाडीचे ठोके मंद झालेले असू शकतात.

मुलग्यांकडे तर कोणाचं लक्षच जात नाही. "काडीपैलवान" म्हणून चिडवलेला मुलगा जिमला जातो, चांगली गोष्ट, पण मग तो घरची पोळी-भाजी बंद करून फक्त अंड्याचं पांढरं आणि पावडरवर येतो, एक दिवस जिम चुकली तर घर डोक्यावर घेतो, आरशासमोर दंड मोजत बसतो आणि कितीही कमावलं तरी आपण बारीकच आहोत असं त्याला खरोखर वाटत असतं. शरीर कमवायला कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायला सांगितलंय का हे पण विचारा, शांतपणे विचारा. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंगसारख्या वजनी गटात खेळणारी पोरं स्पर्धेआधी वजन "उतरवतात" त्यांच्याकडे डोळ्यात तेल घालून बघा, आणि नाच किंवा जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलींकडे पण.

आता हे कशामुळे होतं? पालकांचा पहिला प्रश्न असतो "आमचं काय चुकलं". तुमच्यामुळे आजार झाला असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. काही घराण्यांत हा कल येतो, सगळं परफेक्टच हवं असा स्वभाव असतो, त्यात वयात येताना शरीर बदलतं, मुलींच्या अंगावर चरबी येणं तर या वयात निसर्गाचंच काम आहे, आणि मग कोणीतरी एक वाक्य बोलतं किंवा मूल पहिलं डाएट सुरू करतं आणि तिथून घसरण सुरू होते. बाहेरच्या चित्रांचा परिणाम होत नाही असं मात्र म्हणू नका. फिजी बेटांवर एका भागात १९९५ ला टीव्ही आला, तिथे भरलेलं शरीर म्हणजे चांगलं शरीर अशी पिढ्यान्‌पिढ्या समजूत होती, आणि १९९८ मध्ये परत पाहणी केली तर ११ टक्क्यांहून जास्त शाळकरी मुली वजन कमी करायला उलटी काढतात असं सांगत होत्या, तीन वर्षांपूर्वी एकही नव्हती. तेव्हा तर फक्त टीव्ही होता. आता खिशात फोन आहे आणि फोटोला फिल्टर आहे, आणि २०२१ मध्ये खुद्द इन्स्टाग्रामच्या कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर आली त्यात त्यांच्याच संशोधकांनी लिहिलेलं होतं की दर तीनपैकी एका किशोरवयीन मुलीचा स्वतःच्या शरीराबद्दलचा त्रास या ॲपमुळे वाढतो.

पण मला सगळ्यात जास्त जी गोष्ट सांगायचीय ती वेगळीच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने मुद्दाम अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. त्यांना दिसण्याची काही पडलेली नव्हती, डोकं ठिकाणावर असलेले म्हणून निवडून घेतलेले लोक होते. ते काय करायला लागले? दिवसरात्र खाण्याचेच विचार, रेसिपीची पुस्तकं वाचणं, एकेक जेवण तासन्‌तास लांबवणं, माणसं नकोशी होणं, चिडणं, उदास होणं. आता वरच्या त्या मुलीचं वागणं परत वाचा. म्हणजे आपण ज्याला हट्ट म्हणतो त्यातलं किती तरी खरं तर उपाशी मेंदूचं काम असतं, आणि उपाशी मेंदूला समजावून सांगून काही होत नाही, आधी पोटात अन्न गेलं पाहिजे, मग डोकं ऐकायच्या स्थितीत येतं. म्हणून "तिला पटेल तेव्हा खाईल" म्हणून वाट बघू नका. १०३ ताप असताना पोराला आपण पटलं तर गोळी घे म्हणतो का?

बोलायचं कसं तर जेवणाच्या ताटावर नाही, भांडणात नाही, दोघंच असताना. दिसण्यावर बोलू नका, जे डोळ्यांनी बघितलं ते सांगा. "अगं, महिनाभर डबा परत येतोय, परवा जिन्यात तुला चक्कर आली, मला काळजी वाटतेय, आपण डॉक्टरांना दाखवून येऊ." एवढंच. ती म्हणेल मला काही झालेलं नाही, रडेल, ओरडेल, "तू माझ्यावर संशय घेतेस" म्हणेल. वाद घालू नका, "बरं, तरी आपण जाऊ" म्हणा आणि जा. "किती छान दिसतेस तू" याचा उपयोग होत नाही, ती ते मानतच नाही. आणि उपचार सुरू झाल्यावर "आता कशी बरी दिसतेस, गालावर तेज आलं" असं तर चुकूनही नको, तिला त्यातून ऐकू येतं की मी जाड झाले.

डॉक्टरांकडे आधी शरीराची तपासणी. बालरोगतज्ज्ञ किंवा फॅमिली डॉक्टरांना स्पष्ट सांगा की खाण्याचा आजार वाटतोय, नाहीतर टॉनिक घेऊन परत याल. नाडी, झोपून आणि उभं राहून बीपी, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट, आणि शाळेतल्या जुन्या वजन-उंचीच्या नोंदी मिळाल्या तर घेऊन जा, कारण मुलांचं वजन मोठ्यांच्या तक्त्यावर नाही तर वयाच्या वाढीच्या तक्त्यावर बघतात. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून निश्चिंत होऊ नका, शरीर बरेच दिवस ओढून नेतं. खूप दिवस अगदी थोडंच खाल्लेलं असेल तर घरच्या घरी एकदम तूप-लाडूचा मारा पण करू नका, अशा वेळी रक्तातले क्षार अचानक घसरून जिवावर बेतू शकतं, खाणं कसं वाढवायचं ते डॉक्टरच ठरवतील. बेशुद्ध पडली, छातीत धडधडतंय, पाणीसुद्धा टिकत नाही, किंवा "मला जगायचंच नाही" असं बोलली तर अपॉइंटमेंट नाही, थेट इमर्जन्सी.

त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ, शक्यतो लहान मुलांचे. ॲनोरेक्सिया एकट्या गोळीनं बरा होत नाही, आणि जिमवाल्याचा डाएट प्लॅन तर अजिबात नको. किशोरवयीन मुलांच्या ॲनोरेक्सियासाठी लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात जी कुटुंबाला धरून चालणारी पद्धत तयार झाली तिच्यावर आज सगळ्यात जास्त भर देतात, आणि आपल्या एकत्र जेवणाऱ्या घरांना ती जमण्यासारखी आहे असं मला मनापासून वाटतं. थोडक्यात अशी की सुरुवातीला काय आणि किती खायचं हे आईवडील ठरवतात आणि वाढतात, वजन सावरलं की हळूहळू मुलाच्या हातात परत देतात, आणि शेवटी त्याच्या वयाचे बाकीचे प्रश्न.

रोजच्या जेवणात हे कसं दिसतं? तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीनदा खाणं, वेळ ठरलेली, मोठं कोणीतरी शेजारी बसलेलं. ताट तुम्ही वाढायचं. वरण-भात, वर तूप, पोळी, भाजी, दही, घरात जे असेल ते, वेगळं "हेल्दी" काही नको. ती म्हणेल तूप काढ, तर "हे आज असंच आहे, मी बसलेय तुझ्याबरोबर". कॅलरीची चर्चा नाही, गप्पा दुसऱ्या कशाच्या तरी. जेवणानंतर तासभर एकटं सोडायचं नाही, पत्ते खेळा, सिरीयल बघा, काहीही. सगळ्यात जास्त गाडी कुठे अडते माहितीये, आई वाढते आणि बाबा म्हणतात "जाऊ दे गं, नको तर राहू दे, रडतेय पोरगी". पोराला ती फट लगेच सापडते. त्यामुळे आईबाबांनी आधी बसून एकमत करा, आजी-आजोबांना पण सांगा. घरातला वजनकाटा काढून टाका, वजन फक्त दवाखान्यात होईल. शाळेत वर्गशिक्षकांना विश्वासात घ्या, मधल्या सुट्टीत डबा कोणासमोर तरी खाल्ला जाईल एवढं बघायला सांगा आणि काही दिवस पीटी बंद.

उपास. हा विषय आपल्याकडे फार नाजूक, कारण नवरात्राचे नऊ दिवस किंवा श्रावणी सोमवार याच्या आड जेवण टाळणं सोपं जातं आणि घरचे उलट कौतुक करतात. एरवी देवळात न जाणारी मुलगी अचानक संकष्टी, एकादशी, गुरुवार सगळं धरायला लागली तर थांबून बघा. आजारी माणसाला उपास नसतो हे आपल्याकडे आधीपासूनच मान्य आहे, सासूबाईंना तेवढंच सांगा, "आई, डॉक्टरांनी तिला उपास नको म्हटलंय, मी धरते तिच्या नावाचा".

आणि गणपतीत, लग्नात, हळदीकुंकवाला भेटणाऱ्या काकू-मावश्या. "काय गं, किती सुटलीस", "अगंबाई, वाळलीस की". त्यांच्या मनात काही नसतं हे मला माहितीये, पण मुलीच्या समोरच तुम्ही हसत म्हणा, "काकू, आमच्याकडे वजनाचा विषय बंद आहे हं", कारण तुम्ही तिच्या बाजूनं बोललात हे ती लक्षात ठेवते. घरात स्वतःबद्दल पण "माझं पोट बघ, शी" असं बोलणं थांबवा, पोरं तेच ऐकत मोठी होतात. फोन हिसकावून घेऊ नका, शेजारी बसून कुठली अकाउंट बघितल्यावर वाईट वाटतं ते तिलाच विचारा आणि दोघी मिळून ती काढून टाका.

पैशाची अडचण असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात मानसोपचार ओपीडी असते. १४४१६ ही टेलि-मानसची सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, जवळ कुठे जायचं हे पण विचारता येतं. मेडिक्लेम असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की मानसिक आजाराला पण शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायचं, तेव्हा एजंट नाही म्हणाला तर लेखी मागा.

बरं व्हायला महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षं, आणि मध्ये परत घसरण होऊ शकते, विशेषतः बोर्डाच्या परीक्षेच्या आसपास आणि बारावीनंतर हॉस्टेलला गेल्यावर, म्हणून ॲडमिशन घेतानाच त्या गावातला डॉक्टर शोधून ठेवा, वजन दर महिन्याला तिथे होईल आणि अमुक एवढं उतरलं की सेमिस्टर सोडून घरी यायचं, हे आकड्यासकट डॉक्टरांसमोर तिच्याशी बोलून ठरवून घ्या, कपड्यांची बॅग भरायच्या आधी.