धानाच्या तणसावर धिंगरी: दिवाळीनंतर सुरुवात करणाऱ्यांसाठी

मशरूम शिकायला आलेल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: महिन्याला किती सुटतील? मी उलट विचारते, तुमच्या गावात खाणार कोण? आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-सिंदेवाही पट्ट्यात पावसाळ्यात वारुळांवर सात्या (रानातली अळिंबी) निघाल्या की लोक भाव न विचारता घेतात. तीच माणसं पिशवीत उगवलेली धिंगरी (ऑयस्टर मशरूम) पाहून म्हणतात, "हे औषध मारलेलं असेल." म्हणून आमच्या बचत गटाने पहिली तोड विकलीच नाही. सात्यांचा करतो तसाच लसूण-मिरचीचा तिखट रस्सा केला आणि गटाच्या बैठकीत वाढला. गिऱ्हाईक त्या पंगतीतून मिळालं. नागपूरच्या हॉटेलांची स्वप्नं नंतर पाहा.

आमचं मूळ काम धिंगरीचं नव्हतंच. गटाची सामूहिक सांदवाडी (परसबाग) होती: वांगी, वाल, मुंगना (शेवगा), पपई, आणि बोरिंगचं सांडपाणी जिथे साचायचं तिथे आळं करून लावलेली केळी. ऑस्ट्रेलियाच्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी 1970 च्या दशकात पर्माकल्चर म्हणून जे मांडलं, त्यात एकाचा कचरा दुसऱ्याचं खाद्य व्हावा हा मोठा भाग आहे. सांदवाडीला उन्हाळ्यासाठी आच्छादन हवं होतं, गावात तणसाचे (धानाच्या पेंढ्याचे) ढीग होते. मधली कडी धिंगरीने जोडली.

वेळापत्रक धानच ठरवतो. दिवाळीच्या आगेमागे कापणी-मळणी होते, नवं तणस मिळतं, आणि हवाही नेमकी तेव्हाच मानवते. धिंगरीला 20 ते 30 अंश तापमान आणि 80 ते 85 टक्के आर्द्रता लागते. ब्रह्मपुरीचा पारा उन्हाळ्यात 45 च्या वर जातो. तेव्हा कूलर लावून पीक घेणं म्हणजे विजेच्या बिलासाठी राबणं. पावसाळ्यात ओलावा फुकट मिळतो, पण माशा आणि हिरवी बुरशीही येते. नवख्याने तो हंगाम सोडावा.

तणस याच वर्षीचं, पावसात न भिजलेलं घ्या. काळपट, कुबट वास येणारं ढोरंही खात नाहीत, धिंगरी काय खाणार! पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत सोयाबीनचं कुटार (भुसा) वापरा, त्यावरही पीक चांगलं येतं. तणस तीन ते पाच सेंटिमीटर कापून रात्रभर भिजवायचं, मग 80 अंशांच्या आसपास गरम पाण्यात तासभर ठेवायचं. तणस निर्जंतुक करायची दुसरी रीत फॉर्मेलिन आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणाची. सरपण वाचतं, प्रशिक्षणातही शिकवतात. पण फॉर्मेलिनची वाफ डोळ्यांत जाते, आणि घरात लेकरं असताना तो डबा ठेवायला माझा विरोध आहे. त्यात औषधाची शंका घेणाऱ्या शेजारणीला खरं काय सांगणार?

यानंतरची पायरी हाताने शिकायची असते. निथळलेलं तणस मुठीत घट्ट दाबा. पाणी टपकलं तर ते अजून ओलं आहे. तळवा नुसता दमट झाला तर भरायला घ्या. बहुतेक पिशव्या सडतात त्या इथल्या घाईने. पिशवीत एक थर तणस, कडेने स्पॉन (अळिंबीचं बियाणं), पुन्हा तणस, असे चार-पाच थर. ओल्या तणसाच्या वजनाच्या दोन टक्के स्पॉन पुरतं. तोंड बांधून भोकं पाडा आणि अंधाऱ्या खोलीत ठेवा. पंधरा ते वीस दिवसांत पिशवी पांढरी होते. मग प्लॅस्टिक काढा, खिडकी उघडा, दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारा. छत्रीची कड वर वळायच्या आत तोडा. उशीर झाला की बीजाणू उडतात आणि खोलीत खोकल्याची उबळ येते. दम्याच्या माणसाने तोडणीला जाऊच नये, बाकीच्यांनी नाकाला फडकं बांधावं.

एका पिशवीतून साधारण तीन तोडी मिळतात. किलोभर कोरड्या तणसाला अर्धा ते पाऊण किलो ताजी धिंगरी धरून चाला. त्याहून मोठा आकडा सांगणाऱ्याची पिशवी आधी डोळ्यांनी पाहा. माल खपला नाही तर वाळवा, दहा किलोंची किलोभर उरते.

स्पॉनसाठी आणि प्रशिक्षणासाठी जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात चौकशी करा. "पिशव्या आमच्या घ्या, माल आम्हीच परत घेऊ" असं सांगून आगाऊ पैसे मागणारे गावोगाव फिरतात. त्यांना चहा पाजा, पैसे देऊ नका.

सांदवाडीची खरी परीक्षा रोवणीत (धानाच्या लावणीत) होते. जुलैत सगळ्या बाया बांधीत (धानाच्या शेतात) असतात, मजुरी सोडून सामूहिक वाफ्याला कोण येणार? हा प्रश्न बैठकीत ठराव करून सुटत नाही. त्या दिवसांत आपोआप वाढणारी पिकंच ठेवावी: हळद, अळू, कोहळा, मुंगना. उरलेलं गवत रोवणी संपल्यावर काढता येतं. आणि कुंपण आधी, बी नंतर. रब्बी निघाल्यावर ढोरं मोकळी सुटतात.

फेब्रुवारीअखेर शेवटची तोड झाली की प्लॅस्टिक वेगळं काढून तणसाचे गठ्ठे फोडा आणि वांगी-मिरचीच्या बुडाशी बोटभर जाड पसरा. माती उन्हात उघडी राहत नाही, पाण्याच्या पाळ्या कमी होतात. हिरवी बुरशी धरलेले गठ्ठे मात्र खोलीपासून दूर खड्ड्यात पुरा. खोलीला चुना मारून ठेवा, आणि दिवाळीनंतरच्या स्पॉनची नोंदणी सप्टेंबरातच करा. ऐन वेळी गेलात तर हंगाम निघून जाईल.