शेगडीवरच्या मायक्रोवेव्हची हवा घराबाहेर कशी काढावी

अमेरिकेतल्या घरांत शेगडीच्या वर टांगलेला मायक्रोवेव्ह सर्रास दिसतो. त्याच्या पोटाखाली जाळी आणि पंखा असतो, म्हणून तो धूर बाहेर टाकत असणार असं आपण धरून चालतो. मग सुक्या मिरचीची फोडणी पडली की घरभर खोकला, धुराच्या अलार्मचा कर्कश आवाज आणि दाराजवळच्या कपाटातल्या कोटांना हिंगाचा वास. कारण अनेक घरांत हा पंखा ओढलेली हवा कोळशाच्या फिल्टरमधून काढून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो. कोळसा थोडाफार वास शोषून घेतो, पण वाफ आणि उष्णता घरातच राहते, आणि गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइडही बराचसा इथेच फिरतो. रोज फोडणी होणाऱ्या घरात नव्या काउंटरटॉपच्या आधी या कामावर पैसे घालावेत, असं माझं ठाम मत आहे.

पहिलं काम पाहणीचं. पंखा जोरात लावा आणि मायक्रोवेव्हच्या दाराच्या वरच्या झरोक्यासमोर हात धरा. हाताला वारा लागला तर हवा घरातच फिरते आहे. आता वरचं कपाट उघडा. तिथे मायक्रोवेव्हचा प्लग असतो, आणि काही घरांत पत्र्याचा डक्ट, म्हणजे हवा बाहेर नेणारी नळीही आधीच असते. डक्ट आहे आणि तरीही वारा तोंडावर येतोय, असंही होतं. बरीच मॉडेलं कारखान्यातून हवा आत सोडण्याच्या मांडणीतच येतात आणि बसवणारा ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, न फिरवताच निघून जातो. तसं असेल तर भिंतीला हात लावायची गरजच नाही. मॉडेल नंबर दारामागच्या पट्टीवर सापडेल. त्यावरून मॅन्युअल काढा आणि हवा मागून किंवा वरून काढायची सोय आहे ना, याची खात्री करा.

डक्ट नसेल तर वाट ठरवावी लागेल. शेगडी बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर सरळ मागे काढणं सर्वांत सोपं. नाहीतर कपाटातून वर, छताबाहेर. ॲटिकमध्ये, म्हणजे छताखालच्या पोकळीत, हवा सोडून देण्याचा मोह मात्र अजिबात नको. तिथे तेलकट ओल साचते, लाकूड खराब होतं आणि आगीचा धोका वाढतो. नियमांनाही ते मान्य नाही. कॉन्डो असेल तर असोसिएशनची लेखी परवानगी घ्या, आणि परमिट लागतं का ते गावाच्या बांधकाम विभागात विचारा.

डक्ट गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा, आतून गुळगुळीत हवा. सव्वातीन बाय दहा इंची चौकोनी किंवा सहा इंची गोल, दोन्ही होम डेपोसारख्या दुकानात मिळतात. कपड्यांच्या ड्रायरला लावतात तो वळ्यावळ्यांचा पाईप इथे चालत नाही, कारण प्रत्येक वळीत तेल अडकतं आणि हवेचा जोरही मरतो. वळणं जितकी कमी तितकं बरं. दोन वळणं घ्यावीच लागली तर त्यांच्यामध्ये सरळ तुकडा ठेवा. सांधे ॲल्युमिनियमच्या फॉइल टेपने बंद करा. राखाडी कापडी टेप उष्णतेने सुटते.

आता यंत्र खाली उतरवायचं. ब्रेकर बंद करा, प्लग काढा आणि मदतीला माणूस घ्या, कारण वजन पंचवीस किलोच्या आसपास असतं. कपाटातून आलेले वरचे स्क्रू काढताना एकाने खालून आधार द्यावा. नंतर पुढची कड खाली झुकवली की मागच्या पट्टीतून ते सुटतं.

सगळ्या कामाचं मर्म ब्लोअरमध्ये आहे. मायक्रोवेव्हच्या वरच्या बाजूला, मागच्या कडेजवळ एक पत्र्याची पट्टी असते. तिचे स्क्रू काढले की पंख्याची जोडी दिसते. ती अलगद उचला आणि हवा फेकणारी तोंडं मागे जायचं असेल तर मागे, वर जायचं असेल तर वर येतील अशी फिरवून बसवा. वायर खाचेतच राहू द्या. पत्र्याखाली चिमटली तर कापली जाईल. काही मॉडेलमध्ये पत्र्याचा ठरलेला तुकडाही कापून काढावा लागतो. यापलीकडचं मुख्य आवरण उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जिवावर बेतेल इतकी वीज साठलेली असू शकते.

भिंतीत भोक पाडण्याआधी मॅन्युअलसोबतचा कागदी नमुना चिकटवा आणि स्टड, म्हणजे भिंतीच्या आतले उभे खांब, शोधा. स्टड सहसा सोळा इंचांवर असतात, त्यामुळे दहा इंची तोंड मध्ये बसतं. नमुन्याच्या मधोमध स्टड आला तर तो कापू नका, वाट वरून घ्या. वायर आणि पाण्याचे पाईप बघण्यासाठी आधी लहान भोक पाडून आत डोकवा. बाहेरच्या बाजूला झडप असलेली टोपी लावून कडेने कॉकिंग करा, म्हणजे फटी लुकणाने बुजवा. साइडिंग, म्हणजे भिंतीचं बाहेरचं आवरण, कापायची सवय नसेल तर एवढं काम कारागिराकडून करून घेण्यात शहाणपण आहे.

डॅम्परचा, म्हणजे बाहेरची हवा उलटी आत येऊ न देणाऱ्या झडपेचा, अडॅप्टर बसवून यंत्र टांगण्याआधी डॅम्परची पाती बोटाने हलवून पाहा. ती उघडून आपोआप मिटली पाहिजे, नाहीतर जानेवारीची थंडी थेट चुलीवर उतरेल. टांगून झाल्यावर पंखा लावा आणि जाळीला टिश्यू पेपर लावा. तो चिकटून राहायला हवा. एकाने बाहेर जाऊन टोपीची झडप उघडते का ते बघावं.

घरात गॅसचा वॉटर हीटर असेल तर आणखी एक तपासणी. दारं-खिडक्या बंद करून पंखा जोरात लावला असताना हीटरचा धूर उलटा घरात येता कामा नये. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला हवाच. असे मायक्रोवेव्ह सहसा मिनिटाला 300 ते 400 घनफूट हवा ओढतात. 400 च्या पुढे अनेक ठिकाणी बाहेरून ताजी हवा आत आणण्याची वेगळी सोय सक्तीची असते.

मायक्रोवेव्ह शेगडीइतका पुढे येत नाही, त्यामुळे पुढच्या बर्नरचा धूर त्याच्या कडेने निसटतो. फोडणी मागच्या बर्नरवर करा, पंखा तेल तापायच्या आधी लावा आणि नंतरही दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. कोळशाचा फिल्टर आता बदलत बसावा लागणार नाही, पण धातूची जाळी महिन्यातून एकदा गरम साबणपाण्यात भिजवून धुवा.