मल्टिक्लास करायचंय? आधी पेन्सिल घ्या

कोथरूडला आमच्या घरी शनिवारी रात्री जेवणं आवरली की त्याच टेबलावर डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका करायच्या खेळाचा नकाशा पसरतो. पाच खेळाडू, आणि डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी) मी. गेल्या सहा वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "ताई, पुढची लेव्हल दुसऱ्या क्लासमध्ये घेऊ का?" (क्लास म्हणजे कॅरेक्टरचा पेशा: लढवय्या, जादूगार वगैरे. एकाहून जास्त क्लास घेणं म्हणजे मल्टिक्लास.) तेव्हा मी जे सांगते ते इथे लिहून ठेवते आहे. नियम डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या पुस्तकातले. आमच्याकडे अजून तेच चालतं.

त्या पुस्तकात मल्टिक्लासिंग ऐच्छिक आहे. डीएम हो म्हणाला तरच. त्यामुळे मोहीम सुरू होण्याआधीच विचारून घ्या, सहाव्या लेव्हलला नको.

परवानगी मिळाली की अ‍ॅबिलिटी स्कोर, म्हणजे ताकद, चपळाई वगैरेंचे आकडे, पाहा. नव्या क्लासला लागणारा स्कोर किमान १३ हवा, आणि आत्ताच्या क्लासचाही. हा दुसरा भाग बरेच जण विसरतात. फायटरला स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी चालते, विझर्डला इंटेलिजन्स, क्लेरिक आणि ड्रुइडला विझडम. पॅलाडिनला मात्र स्ट्रेंग्थ आणि करिझ्मा दोन्ही लागतात. मंक आणि रेंजरला डेक्स्टेरिटी आणि विझडम.

आता माझ्या मामेभावाची शीट, म्हणजे त्याच्या कॅरेक्टरच्या माहितीचा कागद, घेऊ. त्याचा पाचव्या लेव्हलचा फायटर होता: स्ट्रेंग्थ १६, डेक्स्टेरिटी १४, कॉन्स्टिट्यूशन १४, हिट पॉइंट्स (किती मार सोसेल तो आकडा) ४४. त्याला रोग (rogue, चोरटा) व्हायचं होतं. (मराठीत 'मी रोग झालो' फारच वाईट ऐकू येतं, म्हणून आमच्याकडे त्या क्लासला ठकसेन म्हणतात.) त्याचा पहिला प्रश्न होता, ठकसेनची पहिलीच लेव्हल आहे तर अनुभवाचे गुण कमी लागतील ना? नाही. गुण नेहमी एकूण लेव्हलवर मोजतात. त्याची एकूण सहावी लेव्हल, म्हणून १४,००० च लागणार. १९७८ च्या नियमांत एल्फ, ड्वार्फ वगैरे मंडळी एकाच वेळी दोन क्लास चालवत आणि मिळालेले गुण दोन्हींत वाटले जात. माणसांना ते करताच येत नसे. दर लेव्हलला हवा तो क्लास निवडायची मोकळीक सगळ्यांना मिळाली ती २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत.

शीटवर पेन्सिलीने लिहा: फायटर ५, ठकसेन १. शेजारी मोठ्या अक्षरात एकूण ६. प्रोफिशियन्सी (प्रावीण्य) बोनस एकूण लेव्हलवरून येतो, म्हणून तो +३ च राहिला. हिट पॉइंट्समध्ये ठकसेनच्या डी८ ची, म्हणजे आठ बाजूंच्या फाशाची, सरासरी वरच्या आकड्याला धरून ५ आणि कॉन्स्टिट्यूशनचे २ मिळवायचे: ४४ चे ५१. पूर्ण आठ धरायचे नाहीत, ती सवलत कॅरेक्टरच्या अगदी पहिल्या लेव्हलपुरतीच. विश्रांतीत टाकायचे हिट डाइससुद्धा वेगळे लिहा, पाच डी१० आणि एक डी८.

नवीन काय मिळालं? एक स्किल, कुलपं उघडायच्या हत्यारांची प्रोफिशियन्सी, एक्स्पर्टीज (निवडलेल्या कामात प्रोफिशियन्सी बोनस दुप्पट) आणि एक डी६ स्नीक अटॅक (संधी साधून केलेल्या वाराचं जादा नुकसान). सुरुवातीपासून ठकसेन असलेल्याला चार स्किल्स आणि दोन सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचायचे फासे) मिळतात, ते याला नाहीत.

मग आम्ही दोघांनी आकडेमोड केली. त्याची ग्रेटसोर्ड दोन डी६ ची, पण तिच्यावर स्नीक अटॅक लागत नाही. फिनेस असलेलं, म्हणजे चपळाईनेही चालवता येणारं, किंवा दुरून मारायचं हत्यारच लागतं. रेपियर घेतली तर डी८. स्ट्रेंग्थ वगळता ग्रेटसोर्डच्या दोन वारांची सरासरी १४ येते, रेपियरच्या दोन वारांची ९, आणि स्नीक अटॅक एका टर्नमध्ये एकदाच, म्हणून त्याचे साडेतीन: साडेबारा. म्हणजे लढाईत तो थोडा मागेच गेला. शिवाय फायटरच्या सहाव्या लेव्हलला स्कोर वाढवायची संधी असते, तीही पुढे ढकलली गेली. तरीही त्याने ठकसेन घेतला, कारण त्याला कुलपं उघडायची होती, आणि त्यात त्याला आता +८ होते. हा सौदा मला पटला. काय सोडतोय हे त्याला आकड्यांत माहीत होतं.

मल्टिक्लासमध्ये खरी किंमत मोजायची ती उशिराने. दुसरीकडे घेतलेली प्रत्येक लेव्हल मुख्य क्लासला एक लेव्हल मागे ठेवते. आणि पाचवी लेव्हल सगळ्यात महाग. फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर, मंक यांना तिथे दुसरा वार मिळतो, विझर्डला तिसऱ्या लेव्हलचे मंत्र (मंत्रांच्या लेव्हल वेगळ्या मोजतात). म्हणून माझा सल्ला ठाम आहे: आधी मुख्य क्लास पाचपर्यंत न्या, मग वळा.

हे मी एका खेळाडूमुळे शिकले. मंक २, ड्रुइड २, रेंजर २ अशी तिची शीट होती. तिन्ही क्लास तिला मनापासून आवडायचे, आणि मी दर वेळी हो म्हणत गेले. सहाव्या लेव्हलला बाकीचे दोन-दोन वार करत होते, विझर्ड आठ डी६ चा फायरबॉल टाकत होता, आणि तिचं अस्त्र फेरीत एकदाच चालायचं. हळूहळू ती तिच्या पाळीतही काही बोलेनाशी झाली. हे फार उशिरा माझ्या लक्षात आलं.

तिच्या मंत्रांतही तीच अडचण होती. स्लॉट (मंत्र टाकायच्या ठरलेल्या संधी) मोजताना ड्रुइडसारख्या पूर्ण मंत्रधारी क्लासच्या सगळ्या लेव्हल धरायच्या, रेंजर आणि पॅलाडिनच्या निम्म्या, अपूर्णांक सोडून. तिचे दोन अधिक एक, तीन. म्हणजे पहिल्या लेव्हलचे चार स्लॉट, दुसऱ्या लेव्हलचे दोन. पण मंत्र कोणते येतात हे प्रत्येक क्लास वेगळा धरून ठरतं, आणि तिच्या दोन्ही क्लासमध्ये दुसऱ्या लेव्हलचा एकही मंत्र नव्हता. मोठ्या स्लॉटमधून छोटा मंत्र टाकायचा, इतकंच. विझर्ड ३, क्लेरिक २ असणाऱ्याचंही असंच होतं: तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट आहे, त्यातून मॅजिक मिसाइलचे पाच बाण सुटतील, पण फायरबॉल येणार नाही. वॉरलॉकचे स्लॉट या बेरजेत घेतच नाहीत, ते वेगळे ठेवा.

एका रविवारी आम्ही दोघींनी चहा घेत तिची शीट पुन्हा मांडली. रेंजर ५, ड्रुइड १. स्लॉट तेवढेच राहिले, चार आणि दोन, पण आता दुसऱ्या लेव्हलचे मंत्र होते आणि वारही दोन. (२०२४ च्या नियमांत रेंजरची निम्मी लेव्हल वरच्या आकड्याला धरतात, तिथे तिला दुसऱ्या लेव्हलचा आणखी एक स्लॉट मिळाला असता.) पुढच्या शनिवारी तिने पहिल्याच फेरीत दोन बाण सोडले आणि सगळ्यांच्या आधी पुढचा बेत सांगायला लागली.

दोन वार देणारे दोन क्लास घेतले तर चार वार होत नाहीत, दोनच राहतात. कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारे छोटे मंत्र) मात्र एकूण लेव्हलवर वाढतात, त्यामुळे त्यांचं नुकसान होत नाही.

शेवटची गोष्ट नियमात नाही, पण माझ्या टेबलावर ती सक्तीची आहे. क्लास बदलायचा असेल तर दोन सत्रं आधी मला सांगा. मामेभावाने सांगितलं होतं, म्हणून मी त्याच्या फायटरला किल्ल्याच्या तळघरात कैद केलं आणि शेजारच्या कोठडीत एक म्हातारा चोर ठेवला. दोन शनिवार तो गजांमधून हात घालून एका गंजक्या कुलपावर शिकत होता. लेव्हल वाढली त्या रात्री त्याने डी२० टाकला, तेरा आले, आठ मिळवून एकवीस, आणि कोठडीचं दार उघडलं.