ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे चाक-कुलूप अधिक भक्कम कसे करावे

ऊसतोडणीचा हंगाम संपल्यावर रस्त्याकडेला उभी राहणारी ट्रॉली दुसरा ट्रॅक्टर जोडून सहज ओढून नेता येते. म्हणून तिचे चाक साखळी-कुलपाने जखडतात; ही साखळी केवळ चाकाच्या डिस्कमधून न ओवता आसाभोवतीही फिरवावी, कारण एरवी चोर नट खोलून चाकच बदलू शकतो. साखळी कठीण केलेल्या पोलादाची असावी आणि ती ताठ, जमिनीपासून उंच बसवावी, म्हणजे कटरला जागा आणि हातोड्याला आधार मिळणार नाही. साखळीची टोके जुळतात तिथे, चेसिसला, ५ मिलिमीटर जाड पत्र्याची, खालून उघडी पेटी वेल्ड करून घ्यावी व कुलूप तिच्यात लपवावे. साखळीला किंवा कुलपाला मात्र वेल्डिंग मुळीच करू नये. उष्णतेने पोलादाचा कठीणपणा जातो आणि सारा खर्च वाया जातो. ट्रॉली हलवण्याआधी कुलूप काढण्याची आठवण राहावी, यासाठी हुकाला लाल फडके बांधावे.