पॅरिश कौन्सिलपुढे गाऱ्हाणं कसं मांडावं

इंग्लंडमधल्या खेड्यात राहायला आलात आणि दारासमोर खड्डा पडला, तर पॅरिश कौन्सिलकडे धावू नका. मी धावले होते. क्लार्कबाईंनी हसून सांगितलं, रस्ते काउंटीकडे! 1894 च्या कायद्याने जन्मलेली ही कौन्सिल म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीची लांबची बहीण. तिच्याकडे बहुतेक बाकं, खेळाचं मैदान, फार तर दफनभूमी. खड्ड्याची तक्रार काउंटीच्या वेबसाइटवर करा. फोटोत खड्ड्याशेजारी काहीतरी ठेवा, म्हणजे खोली कळते. मी छत्री उभी केली होती.

शेजारच्या शेतात घरं बांधायचा अर्ज आला, तर मात्र पॅरिशच्या बैठकीला जाच. निर्णय तिचा नसतो, पण तिचं मत विचारलं जातं. बैठकीची सूचना किमान तीन पूर्ण दिवस आधी लागते, फलकाच्या काचेआड, हरवलेल्या मांजराच्या चिठ्ठीशेजारी. बसायला कुणालाही मुभा आहे. बोलायला मात्र ठरलेली मोजकी मिनिटं. म्हणून कागदावर लिहूनच न्या.

हरकत, निर्णय जिथे होतो त्या वरच्या कौन्सिलच्या नियोजन खात्याकडे स्वतंत्रपणेही पाठवा, साधारण 21 दिवसांत. ‘आमचा देखावा जाईल’, ‘घराची किंमत पडेल’ हे लिहून उपयोग शून्य. वाहतूक, सांडपाणी, खिडकीवर येणारी सावली यांवर लिहा. अरुंद गल्लीत शाळेच्या वेळी दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला कुठवर मागे जावं लागतं, ते मी पावलांनी मोजून लिहिलं होतं.