शाळेचे निरोप घरी कसे सांभाळावेत : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांसाठी

प्राथमिक शाळेचा निरोप घरी तीन वाटांनी येतो : मुलाच्या तोंडून, वहीच्या मागच्या पानावर आणि व्हॉट्सअॅपवर. तिन्ही बहुतेक वेळा अर्धे असतात. मूल "उद्या काहीतरी न्यायचंय" एवढंच सांगतं, वहीत तारीख लिहायची राहून जाते, आणि ग्रुपवर आलेलं सर्क्युलर कन्नडमध्ये असतं. यातलं काहीही सहा-सात वर्षांच्या मुलाच्या लक्षात राहण्यावर सोडू नये. मूल विसरणारच, ते त्याचं वयच आहे. निरोप सांभाळायचं काम मोठ्यांचं, आणि त्याला रोज रात्री दहा मिनिटं पुरतात. घरात एक कॅलेंडर, एक फाईल आणि दप्तर टांगायला एक खिळा, एवढी तयारी लागते. खिळा मुलाच्या हाताला पोचेल इतकाच उंच ठोकावा, म्हणजे शाळेतून आल्यावर दप्तर त्याचं तोच लावील.

कॅलेंडर कुठलं?

आपल्या बहुतेक घरांत महाराष्ट्रात छापलेलं कॅलेंडर असतं. सणवार, एकादशी, संकष्टी पाहायला ते उत्तम. शाळेच्या सुट्ट्या मात्र त्यावर पाहू नयेत. आपली मराठी शाळा कर्नाटक सरकारच्या वेळापत्रकावर चालते, आणि दोन्हीकडचं वर्षच वेगळं आहे. इथे शाळा मे महिन्याच्या अखेरीस किंवा १ जूनच्या सुमारास उघडते. कोल्हापूर-चंदगडकडे ती जूनच्या मध्यावर उघडते. इथे वार्षिक निकाल साधारण १० एप्रिलच्या आसपास लागून उन्हाळी सुट्टी सुरू होते, तिकडे एप्रिलअखेरपर्यंत शाळा चालू असते. त्यामुळे होतं काय, की पाहुण्यांकडची लग्नं आणि जत्रा उरकून मूल १०-१२ जूनला शाळेत येतं. तोवर पुस्तकं वाटून झालेली असतात आणि पहिलीच्या वर्गात बसायच्या जागाही ठरलेल्या असतात.

सगळ्यात जास्त घोटाळा दिवाळीचा. कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याची. दिवाळीला सरकारी सुट्टी मिळते ती मुख्यतः नरक चतुर्दशी आणि बलिप्रतिपदेची, भाऊबीजेची नाही. काही शाळा हाताशी असलेली स्थानिक सुट्टी भाऊबीजेला देतात, काही ती गावच्या यात्रेसाठी राखून ठेवतात. म्हणून माहेरी जायचा बेत करण्याआधी मुख्याध्यापकांना विचारून घ्यावं. आईचं माहेर गडहिंग्लज-आजऱ्याकडे किंवा गोव्यात असेल, तर लांबचा मुक्काम दसऱ्याच्या सुट्टीत ठेवावा आणि भाऊबीजेला मामालाच इकडे बोलवावं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेत जाऊन वर्षाच्या सुट्ट्यांची यादी आणि चाचण्यांचे महिने उतरवून आणावेत. वर्षात चार एफए (लहान चाचण्या) आणि दोन एसए (सत्राच्या मोठ्या परीक्षा) होतात. पहिली एसए दसऱ्याच्या सुट्टीच्या आगेमागे, दुसरी वर्षअखेरीस. सुट्टी लाल पेनने, चाचणी निळ्याने लिहावी. १५ ऑगस्ट, १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव) आणि २६ जानेवारी या चौकटींत "गणवेश, सकाळी लवकर" असं लिहून ठेवावं. शनिवारच्या चौकटीत "सकाळची शाळा" असं वर्षभर लिहायलाही लाजू नये. शनिवारी दहा वाजता दप्तर घेऊन निघालेली मुलं दर जूनमध्ये दिसतात. महिन्यातला एक शनिवार बिनदप्तराचा असतो, त्याला "संभ्रम शनिवार" म्हणतात; कन्नडमध्ये संभ्रम म्हणजे आनंद. त्या दिवशी मुलाला दप्तर घेऊन पाठवलं तर शाळा रागवत नाही, पण मुलाचा विरस होतो.

सुगीचे दिवसही कॅलेंडरवर आधीच मांडून ठेवावेत. भाताची कापणी-मळणी आली की धाकट्या भावंडाकडे बघायला थोरल्याला घरी ठेवलं जातं. पहिली ते तिसरीची मुलं नलीकली, म्हणजे कार्डांवरून खेळत शिकायच्या पद्धतीने शिकतात. प्रत्येक मूल शिडीवर आपापल्या पायरीवर असतं, पुढचं कार्ड आधीचं झाल्याशिवाय मिळत नाही. आठ दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाची शिडी तिथेच थांबते, आणि त्याच्या गटातली मुलं पुढे निघून जातात. धाकट्याला अंगणवाडीत सोडणं किंवा शेजारच्या आजींकडे दुपारपर्यंत ठेवणं याची सोय सुगीच्या आधी करावी.

कन्नड सर्क्युलर आलं तर

छापील सर्क्युलर असेल तर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर होतं; हाताने लिहिलेलं असेल तर ते बिघडतं. दोन्ही वेळा तारीख, वार आणि वेळ मूळ कागदावरच पाहावी, भाषांतरावर विसंबू नये. थोडे शब्द पाठ झाले की निम्मं काम होतं : रजे म्हणजे सुट्टी, नाळे म्हणजे उद्या, भानुवार म्हणजे रविवार, पोषकर सभे म्हणजे पालकांची सभा, समवस्त्र म्हणजे गणवेश, कोनेय दिनांक म्हणजे शेवटची तारीख. तिसरी-चौथीतलं मूल शाळेत कन्नड वाचायला शिकलेलं असतं. ओळ त्याला मोठ्याने वाचायला लावावी, अर्थ आपण लावावा. तरीही शंका राहिली तर बाईंना किंवा सरांना विचारावं, त्यात कमीपणा काही नाही. ग्रुपवर "कुणी सांगेल का" असं टाकलं, तर पाच जणांची पाच उत्तरं येतात.

रात्रीची दहा मिनिटं

जेवणं झाली की दप्तर पूर्ण रिकामं करावं. वरवर चाळलं तर तळाशी चुरगळलेली चिठ्ठी राहते, आणि नेमकी तीच सहीची असते. मग वहीचं मागचं पान, मग ग्रुप. लागणारी वस्तू लगेच दप्तरात घालावी; "सकाळी घालू" म्हटलेली वस्तू घरीच राहते. टोक काढलेल्या दोन पेन्सिली, एक खोडरबर, एक शार्पनर. जास्त दिलं तर ते वाटलं जातं आणि हरवतं. पाण्याची बाटली अर्ध्या लिटरची पुरे. लिटरची भरून दिली तर दप्तराच्या वजनात किलोची भर पडते. कर्नाटकातल्या नियमाप्रमाणे पहिली-दुसरीचं दप्तर दीड ते दोन किलो आणि तिसरी ते पाचवीचं दोन ते तीन किलो असावं. घरात वजनकाटा नसेल तर किराणा दुकानात एकदा टांगून बघावं, जड का झालं ते लगेच कळतं. बहुतेक वेळा भरलेल्या जुन्या वह्या तशाच आत राहिलेल्या असतात.

शेवटी गणवेशाला हात लावून पाहावा. कॉलर आणि कमरेचं इलॅस्टिक सगळ्यात शेवटी वाळतं.

पावसाळा

जुलैत खानापूर तालुक्यात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, कपडे दोन दिवसांतही वाळत नाहीत. गणवेश दोन असतील तर शाळेतून आल्या आल्या एक धुऊन, पिळून, आधी जुन्या कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा, मग पंख्याखाली उलटा करून टांगावा. चुलीवर टांगला तर वाळतो, पण धुराचा वास दिवसभर राहतो. बूट या दिवसांत घालू नयेत. ओल्या मोज्यात दिवसभर पाय राहिले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पट्ट्याची सँडल बरी. नुसती सपाता लाल चिखलात रुतून राहते. बूट भिजलेच तर आत वर्तमानपत्र कोंबावं आणि दोन-तीन तासांनी बदलावं.

रेनकोट दप्तरासकट अंगावर बसेल असा, एक माप मोठा घ्यावा. पुस्तकं दप्तराच्या आत एका प्लास्टिक पिशवीत. छत्रीच्या दांड्यावर, रेनकोटच्या आतल्या बाजूला आणि चपलेच्या तळाला नाव लिहावं. मार्कर पावसात फिकट होतो, म्हणून छत्री-रेनकोटवर रंगीत दोऱ्याने खूण शिवलेली चांगली. वर्गाबाहेर चाळीस चपला सारख्याच दिसतात.

पावसाची सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात, आणि ती तालुकावार असते. खानापूरला सुट्टी म्हणजे निपाणीला सुट्टी असं नाही. ग्रुपवर आदेशाचा फोटो आला की तीन गोष्टी पाहाव्यात : तारीख, तालुक्याचं नाव आणि कितवीपर्यंत. गेल्या वर्षीचे आदेश दर पावसाळ्यात पुन्हा फिरतात. निपाणी-चिकोडी भागात दूधगंगा, वेदगंगा, कृष्णेच्या पुराने कारदगा-भोज, कल्लोळ-यडूर यांसारखे बंधारे-पूल पाण्याखाली जातात. शाळा सुरू असली तरी वाट बंद असेल तर मुलाला पाठवू नये, फोन करून कळवावं. पुलावरून पाणी वाहत असताना मोठ्या माणसाचा हात धरूनही मुलाने जाऊ नये. गुडघाभर पाण्याचा ओढही लहानाला उचलतो. बुडालेले दिवस पुढे जादा तास घेऊन भरून काढले जातात, त्या तारखाही कॅलेंडरवर घ्याव्यात.

दूध, जेवण, गोळ्या

सरकारी आणि अनुदानित शाळेत क्षीरभाग्य योजनेतून दूध मिळतं. ही योजना ऑगस्ट २०१३ मध्ये सुरू झाली. दूध दीडशे मिलिलिटर, म्हणजे एक छोटा पेला. त्याला न्याहारी समजू नये. घरून निदान एक भाकरी किंवा चार घास पोहे खाऊन मूल निघावं. माध्यान्ह आहारात तांदळाचं प्रमाण पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम, सहावी-सातवीला १५० ग्रॅम असं धरलेलं असतं. शाळेत मिळणारं अंडं खायचं की केळं, हे घरात ठरवून शाळेला एकदाच स्पष्ट कळवावं. मूल मित्रांकडे बघून अंडं मागतं आणि घरी येऊन बोलणी खातं. तसं त्याच्यावर येऊ देऊ नये. शेंगदाणा, अंडं, दूध यांपैकी कशाने अंगावर पित्त उठत असेल तर ते लेखी द्यावं आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही तोंडी सांगावं, कारण वाढणारा हात त्यांचा.

रक्तवाढीची गोळी आठवड्यातून एकदा मिळते. पाच ते दहा वर्षांच्या मुलांची गुलाबी, त्यावरची निळी. ती जेवणानंतरच घ्यावी, लगेच चहा पिऊ नये. दुसऱ्या दिवशी शौच काळसर होते, घाबरायचं कारण नाही. जंताची गोळी राष्ट्रीय मोहिमेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास देतात. ती चावून खायची असते, गिळायची नाही. त्या दिवशी ताप किंवा जुलाब असतील तर गोळी देऊ नका असं सरांना सकाळीच सांगावं. बरं झाल्यावर राहिलेल्या मुलांना ती पुन्हा दिली जाते.

फाईल

या फाईलमध्ये जन्मदाखला, मुलाचं आणि आईवडिलांचं आधार, रेशनकार्ड, जात-उत्पन्न दाखला, बँक पासबुकाचं पहिलं पान आणि लसीकरणाचं कार्ड असावं, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्ससह. सगळ्यात वर एक कोरा कागद ठेवावा आणि त्यावर मुलाचं पूर्ण नाव मराठी, कन्नड आणि इंग्रजीत जन्मदाखल्याप्रमाणे एकदाच लिहावं. यापुढे कुठलाही फॉर्म भरताना तेच उतरवायचं. सीमाभागातल्या मुलांची शिष्यवृत्ती अडते ती बहुतेक वेळा इथेच : चौगुले एका कागदावर एका स्पेलिंगने, दुसऱ्यावर दुसऱ्याच, कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. शाळेच्या एसएटीएस नोंदीत (सरकारच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदीत) आणि आधारमध्ये अक्षराचा फरक असला तरी जुळणी होत नाही. दुरुस्ती पहिली-दुसरीत सोपी असते, दहावीच्या तोंडावर फार त्रासाची.

आधारवर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद पाच वर्षं झाल्यावर करावी लागते. पाच ते सात या वयात ती मोफत होते. नंतर पुन्हा पंधराव्या वर्षी. जात-उत्पन्न दाखला नाडकचेरीत, म्हणजे जवळच्या महसूल कार्यालयात मिळतो. जून-जुलैत तिथे गर्दी असते, म्हणून मुदत संपत आली असेल तर मे महिन्यातच अर्ज करावा. मुलाच्या बँक खात्यात दोन वर्षं काहीच व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होऊ शकतं आणि आलेली रक्कम अडकू शकते. वर्षातून एकदा शंभर रुपये भरावेत, आणि खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे त्याच फेरीत विचारून घ्यावं.

मूल आजारी असेल तेव्हा

ताप औषधाशिवाय पूर्ण चोवीस तास उतरलेला राहिला की शाळेत पाठवावं. सकाळी सिरप पाजून पाठवलेल्या मुलाचा ताप दुपारी जेवणाच्या वेळी परत चढतो. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, गालफुगीत सूज आल्यापासून पाच दिवस, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस घरी ठेवावं. डोळे आले असतील तर चिपडं थांबेपर्यंत, आणि टॉवेल वेगळा. उवा झाल्या म्हणून शाळा बुडवायची गरज नाही, पण औषध लावल्यावर सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावावं, कारण पहिल्या वेळी लिखा मरत नाहीत. खरुजेचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावावं. एकट्या मुलाला लावलं तर महिन्याभरात ती परत येते.

कळवायचा मेसेज चार गोष्टींचा असावा : मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, कोणत्या तारखेपासून किती दिवस, आणि कारण. एकाच वर्गात तीन-तीन पाटील असतात, त्यामुळे नुसतं "पाटील आज येणार नाही" असं लिहू नये. अंगावर पुरळ असेल तर तेही लिहावं, म्हणजे बाई बाकीच्या मुलांकडे लक्ष ठेवतील. शाळेत मुलाच्या नावापुढे दोन फोन नंबर द्यावेत. वडील उद्यमबागेतल्या कारखान्यात कामावर आणि आई शेतात असली तर दोघांचाही फोन लागत नाही, म्हणून दुसरा नंबर दिवसा घरी असणाऱ्या काकू-आजींचा असावा. त्यांना मुलाला शाळेतून न्यायची परवानगी आहे, हेही लेखी दिलेलं असावं.