दहा शाळांचा एकच ऑनलाइन प्लॅटफॉर्म? आधी या चुका टाळा

जूनचा तिसरा आठवडा. केंद्रशाळेतल्या, म्हणजे आमच्या दहा शाळांच्या गटातल्या मुख्य शाळेतल्या बाई संगणकासमोर बसून प्लॅटफॉर्मच्या लॉगिनसाठी एका ओटीपीची वाट बघत होत्या. ओटीपी येत होता, पण मे महिन्यात बदली होऊन ऐंशी किलोमीटरवरच्या तालुक्यात गेलेल्या सरांच्या फोनवर. सर वर्गावर, फोन टेबलाच्या खणात. मधल्या सुट्टीत त्यांनी उलट फोन केला तेव्हा ओटीपीची मुदत संपलेली. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर बाई म्हणाल्या, "जाऊ द्या सर, मी नवीनच खातं काढते." त्या एका वाक्यात दहा शाळांचं दोन वर्षांचं काम बुडालं. मुलांच्या नोंदी, तयार केलेले वर्ग, जमवलेले धडे, सगळंच.

हे आमच्याच केंद्रात घडलं, म्हणून हक्कानं लिहितोय. जिल्हा परिषदेच्या आठ-दहा शाळा मिळून एक प्लॅटफॉर्म वापरायचा म्हटलं की सगळे आधी नेट, टॅब आणि प्रोजेक्टरचं बोलतात. आमचं घोडं तिथं अडलं नाही. सामाईक विहिरीवरून भांडणं का होतात हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही: पाण्याची पाळी प्रत्येकाच्या तोंडपाठ असते, गाळ काढायच्या दिवशी मात्र कुणी फिरकत नाही. प्लॅटफॉर्मचंही तसंच आहे.

चूक पहिली: खातं माणसाच्या नावावर काढणं

प्रत्येक केंद्रात एक 'तंत्रस्नेही' शिक्षक असतो. उत्साही असतो, स्वतःचा डेटा खर्च करतो आणि सोय म्हणून ॲडमिनचं खातं स्वतःच्याच नंबरावर, स्वतःच्याच ईमेलवर काढतो. त्याचा हेतू चांगलाच असतो, पण बदलीच्या यादीत हेतूचा रकाना नसतो.

मुख्य खातं केंद्रशाळेच्या ईमेलवर काढा. त्याला जोडलेलं सिमकार्ड केंद्राचं असू द्या आणि ते एखाद्या साध्या बटणांच्या फोनमध्ये घालून शाळेच्या कपाटात ठेवा. सिम चालू ठेवायला अधूनमधून छोटं रिचार्ज मारावं लागतं. ते कोण मारणार, हे त्याच दिवशी ठरवा. ॲडमिन किमान दोघं हवेत, तेही दोन वेगवेगळ्या शाळांतले. दोघांची एकाच वर्षी बदली होणारच नाही असं नाही, पण निदान एकाच्या फोनवर सगळं टांगलेलं राहत नाही.

मुलांच्या खात्यांचा गोंधळ वेगळाच. आम्ही पहिल्या वर्षी मुलांच्या नावांनी खाती काढली, इंग्रजी स्पेलिंगमध्ये. एकाच केंद्रात चार आराध्या. एक डबल ए वाली, एक सिंगल ए वाली, एकीच्या शेवटी वाय आणि चौथीचं स्पेलिंग आधार कार्डावर एक, शाळेत दुसरं. दुसरीतल्या पोरीला ते टाईप करायला लावणं म्हणजे छळच. तासातली पहिली वीस मिनिटं लॉगिनमध्ये जायची.

आता आम्ही फक्त आकडे वापरतो. सरकारनं प्रत्येक शाळेला दिलेल्या अकरा अंकी यूडायस क्रमांकाचे शेवटचे पाच अंक आणि त्यापुढं मुलाचा जनरल रजिस्टर नंबर. यूडायसमध्ये पहिले दोन अंक राज्याचे (आपले २७), मग जिल्हा, मग तालुका. शेवटच्या पाचांत गाव आणि शाळा येते. त्यामुळे एका तालुक्यातल्या केंद्रात हा आकडा दुसऱ्या शाळेशी जुळत नाही. पहिलीतलं पोरगंही आकडे दाबू शकतं. चौथी पास होऊन मूल वस्तीवरच्या शाळेतून केंद्रशाळेत पाचवीला आलं, तर त्याला नवा नंबर द्यायचा नाही. जुनं खातं तेच ठेवून फक्त वर्ग बदलायचा. सामाईक प्लॅटफॉर्मचा खरा फायदा तिथंच आहे, आणि नवीन खातं काढायची घाई तिथंच सगळ्यात जास्त होते.

अजून एक. मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक असलेली एक्सेल फाईल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कितीही 'अति तातडीचे' असलं तरी. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकाची संमती घ्यायला सांगतो. शिकण्यासाठीच्या खात्याला आधार क्रमांक लागतच नाही. कुणी मागितला, तर कशासाठी, हे लेखी मागा.

चूक दुसरी: नेट आहे असं धरून चालणं

भारतनेटची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, ती ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची. शाळा ग्रामपंचायतीला लागून असेल तर नशीब. नाहीतर मधलं अर्धं किलोमीटर कुणाचं, याचं उत्तर प्रत्येक कार्यालय दुसऱ्या कार्यालयाकडं बोट दाखवून देतं. मग शिक्षकाचा हॉटस्पॉट चालू होतो.

हिशोब करून बघा. पाच मिनिटांचा साधा व्हिडिओ धरू चाळीस एमबीचा. वीस मुलांनी आपापल्या टॅबवर तो बघितला की ८०० एमबी गेले. दीड जीबीच्या रोजच्या पॅकमधला अर्ध्याहून जास्त डेटा एका व्हिडिओत संपला, आणि अजून परिपाठ होऊन तासही झालेला नाही. तोच व्हिडिओ एकदा उतरवून शाळेतल्या शाळेत वाटला, तर खर्च चाळीस एमबीच.

उतरवून वाटायची सोय सरकारच्या दीक्षा ॲपमध्येही आहे. ते ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालं. त्यातला धडा डाऊनलोड करून नेटशिवाय एका फोनवरून दुसऱ्या फोनला देता येतो, हे अजूनही कितीतरी शिक्षकांना माहीत नाही. दुसरा रस्ता शाळेतच छोटा सर्व्हर ठेवण्याचा. कोलिब्री नावाचा मोफत प्लॅटफॉर्म खास बिननेटच्या शाळांसाठी बनवलाय. तो जुन्या लॅपटॉपवर किंवा हातावर मावेल एवढ्या रास्पबेरी पाय नावाच्या संगणकावर चालतो. टॅब वायफायनं त्याला जोडले की बाहेरच्या नेटची गरज उरत नाही. महिन्यातून एकदा केंद्रशाळेत हे सर्व्हरचे डबे आणून नवे धडे भरले की झालं.

पण दहा जणांनी दहा डब्यांवर आपापल्या घरी बसून हवं तसं इन्स्टॉल केलं, की दहा स्वतंत्र चुली मांडल्यासारखं होतं. कुणाच्या नोंदी कुणाशी जुळत नाहीत. आधी एका यंत्रावर सगळी मांडणी करा, ती तपासा, मग तीच बाकीच्या डब्यांवर उतरवा. डबे पोचवायची तारीख देऊन बसलेल्या माणसाला हे ऐकवत नाही, पण इथं आठवडा गेला तर जाऊ द्या.

विजेचं काय? बिल थकलं म्हणून मीटर काढून नेलेली शाळा बघायला मिळते. ग्रामसभेत गावाचा वार्षिक आराखडा ठरतो तेव्हा शाळेच्या बिलाचा विषय मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीनं तिथं मांडायलाच हवा. मार्चमध्ये जाऊन काही होत नाही.

चूक तिसरी: द्विशिक्षकी शाळा विसरणं

प्रशिक्षणात दाखवला जाणारा नमुना वर्ग नेहमी एकाच इयत्तेचा असतो. आमच्या दहापैकी बहुतेक शाळा द्विशिक्षकी. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हे शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलेलं. म्हणजे एका सरांकडं पहिली-दुसरी, बाईंकडं तिसरी-चौथी. कधी एक जण पोषण आहाराच्या नाहीतर मीटिंगच्या कामाला गेला, की चारही वर्ग एकाच्या गळ्यात.

अशा शाळेत 'सगळ्यांनी मिळून व्हिडिओ बघू' हा प्रकार फुकट जातो. तिसरीसाठी लावलेला व्हिडिओ चौथीची पोरंही तोंड उघडं टाकून बघत बसतात. प्लॅटफॉर्मचा उपयोग उलट्या बाजूनं करायचा. बाई चौथीला भागाकार समजावत असताना तिसरीतल्या आठ जणांना चार टॅबवर जोडीजोडीनं वजाबाकीचा सराव द्यायचा, पंचवीस मिनिटांचा, स्वतःचा स्वतः करता येईल असा. मग गट बदलायचे. एका टॅबवर दोन मुलं हीच चांगली संख्या, एक दाबतं आणि दुसरं ओरडतं, "अगं हातचा घे की!" तीन बसवलीत तर तिसरं खिडकीबाहेर बघतं.

त्यामुळे केंद्रानं धडे निवडताना 'इयत्ता' या रकान्याच्या आधी 'शिक्षकाशिवाय चालेल का?' हा रकाना ठेवावा. आमच्या एका शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, आम्ही जमवलेल्या धड्यांना ही चाळणी लावली. निम्म्याहून जास्त गळाले. लांबलचक भाषणवाले व्हिडिओ बहुतेक सगळेच.

इयत्तेवर फार विसंबू नका. चौथीत बसलेलं मूल दुसरीचा उतारा अडखळत वाचत असेल तर त्याला दुसरीचंच द्या. स्टोरीवीव्हर नावाच्या वेबसाईटवर मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत आणि मोफत उतरवता येतात. सुरुवात तिथून करा.

चूक चौथी: एक दिवसाचं प्रशिक्षण, चहा-बिस्किट, प्रमाणपत्र

सभागृहात पन्नास शिक्षक, पुढं एक जण प्रोजेक्टरवर क्लिक करतोय, मागच्या रांगेत माहिती भरायच्या लिंका उघडलेल्या. दुसऱ्या दिवशी कुणाला काही आठवत नाही, आणि त्यात शिक्षकांचा दोष नाही. त्यापेक्षा दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत पाऊण तास मागून घ्या. त्यात एकच काम, आणि ते प्रत्येकानं स्वतःच्या फोनवर करायचं. जूनमध्ये लॉगिन. जुलैमध्ये वर्ग तयार करणं. ऑगस्टमध्ये एक सराव देऊन निकाल बघणं. वेग कमी वाटतो, पण दिवाळीपर्यंत सगळे एका पातळीवर येतात. निवृत्तीला दोन वर्षं उरलेले गुरुजीसुद्धा, आणि ते जमलं की बाकीच्यांना सबब उरत नाही.

आणि कृपा करून या प्लॅटफॉर्मवरून कुठलीही प्रशासकीय माहिती गोळा करू नका. ज्या दिवशी त्यावर 'आजच भरा' असलेली पहिली लिंक येईल, त्या दिवसापासून शिक्षकांच्या लेखी ते शिकवायचं साधन राहणार नाही. आणखी एक पोर्टल होईल.

छोट्या चुका, पटापट

घरी अभ्यास द्यायची घाई करू नका. फोन बापाच्या खिशात असतो आणि बाप रात्री आठला येतो. 'पहिलं वर्ष फुकट' म्हणणाऱ्या विक्रेत्याला पहिल्याच दिवशी विचारा, दुसऱ्या वर्षी पैसे दिले नाहीत तर आमच्या नोंदी बाहेर काढून मिळतील का? उत्तर गोलमोल आलं तर चहा पाजून रवाना करा. टॅब फुटेल या भीतीनं कुलूपबंद ठेवू नका. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करा आणि दुरुस्तीसाठी समितीचा ठराव आधीच करून ठेवा, मग फुटला तरी कुणाच्या पगारावर येत नाही.

चालत नाहीये? आधी हे बघा

*वायफाय जोडलंय, पण पान उघडत नाही.* शाळेतल्या सर्व्हरच्या वायफायला बाहेरचं नेट नसतं. अँड्रॉइडला ते खटकतं आणि तो गुपचूप मोबाईल डेटावर जातो. डेटा बंद करा. 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का?' असं विचारलं तर हो म्हणा. आमच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानंच मिटल्या.

*आकडे बरोबर टाकूनही लॉगिन होत नाही.* कीबोर्ड बघा. मराठी कीबोर्डवर देवनागरी अंक उमटतात आणि खातं इंग्रजी अंकांत असतं. डोळ्यांना फरक कळतो, पण घाईत कुणी बघत नाही. अक्षरं असतील तर पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल झालंय का, शेवटी स्पेस पडलीय का, तेही बघा.

*कालपर्यंत चालणारी वेबसाईट आज 'सुरक्षित नाही' म्हणते.* टॅबची तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरून बरेच दिवस गेले की तारीख काही वर्षं मागं जाते, आणि मग साईटचं प्रमाणपत्र जुळत नाही. रास्पबेरी पायच्या जुन्या मॉडेलमध्ये घड्याळच नसतं. नेट नसेल तर तो प्रत्येक वेळी चुकीच्या तारखेनं उठू शकतो आणि मुलांच्या नोंदींवरही तीच तारीख पडते. त्याला छोटं घड्याळाचं मॉड्यूल बसवा.

*लाईट गेल्यावर सर्व्हर उठतच नाही.* मेमरी कार्ड खराब झालं असण्याची शक्यता मोठी. लिहित असताना वीज गेली की कार्ड बिघडतं. पॉवर बँक किंवा छोटा इन्व्हर्टर लावा, सर्व्हर रीतसर बंद करायला शिपाईमामांनाही शिकवा आणि तयार कार्डाची एक प्रत केंद्रशाळेत ठेवा. प्रत असली तर दुरुस्ती दहा मिनिटांची.

*पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन होत नाही.* दीक्षा ॲपमधूनच स्कॅन करा. पैसे भरायच्या ॲपमधून केलेला मी स्वतः बघितलाय. प्लास्टिकच्या कव्हरवर उजेड चमकत असेल तर कव्हर काढा. तरीही नाही झालं, तर कोडखाली सहा अक्षरांचा सांकेतांक छापलेला असतो, तो हातानं टाका.

*जागा भरली.* गुड मॉर्निंगचे फोटो उडवा.

मे महिन्याआधी

शेवटचा आठवडा निकालपत्रकांत जातो आणि टॅब तसेच कपाटात पडतात, शून्य चार्जवर. दीड महिना रिकामी पडलेली बॅटरी जूनमध्ये फुगलेली किंवा मेलेली सापडते. अर्ध्यापर्यंत चार्ज करा, बंद करा, मग ठेवा. कपाट पत्र्याखाली तापत असेल तर जागा बदला. सर्व्हरच्या नोंदींची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. त्या फोनातल्या सिमचं रिचार्ज बघा.

बदली झालेले शिक्षक आपला पदभार दुसऱ्याकडं देतात तेव्हा वस्तूंची यादी होते. गेल्या वर्षीपासून आमच्या केंद्रशाळेच्या यादीत 'लोखंडी कपाट, १' आणि 'वजनकाटा, १' यांच्यामध्ये एक नवी ओळ आलीय: 'केंद्र प्लॅटफॉर्म, पासवर्डचा सीलबंद लिफाफा व सिमसह मोबाईल, १'. बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलीय ती.